विटाळ कोणत्या इंद्रियाला कळतो? बाबासाहेबांचे आयुष्य आणि कायद्याची साक्ष

देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी केली, हे मावळातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याआधी बरोबर २७ वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले होते. वराळे, तळेगाव, देहूरोड या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींना या दोन तारखा वेगळ्या वाटत नाहीत. महाडला ज्या कायद्याला आग लावली, तो माणसाच्या कातडीवर, कानावर आणि जिभेवर चालणारा कायदा होता. देहूरोडला ज्यांची मूर्ती बसवली, त्या तथागतांनी डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन यांचे नीट परीक्षण करायला शिकवले. बाबासाहेबांचे आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये आहे. तरुण कार्यकर्त्यांनी ते या बाजूनेही वाचावे, म्हणून हा लेख.

आमचा प्रश्न साधा आहे. विटाळ कोणत्या इंद्रियाला कळतो? डोळ्यांना तो दिसत नाही, नाकाला त्याचा वास येत नाही, पाण्यात उतरला तर जिभेला चव बदललेली लागत नाही. ज्याला विटाळ होतो असे म्हणतात, त्याच्याही कातडीला काही कळत नाही. तरीही या न कळणाऱ्या गोष्टीवर शेकडो वर्षे शिक्षा होत राहिल्या. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याची आणि वेद उच्चारल्यास जीभ कापण्याची शिक्षा आहे. उच्चवर्णीयाच्या आसनावर बसू पाहणाऱ्याच्या कमरेवर डाग देण्याचा दंड मनुस्मृतीत आहे. म्हणजे गुन्हा इंद्रियांना न कळणारा, पण शिक्षा मात्र इंद्रियांवरच.

गोणपाट आणि उंचावरून पडणारे पाणी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्याच्या शाळेत भीमाला वर्गात सगळ्यांबरोबर बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तो कोपऱ्यात बसे आणि संध्याकाळी ते गोणपाट घरी घेऊन जाई. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही; शिपायाने नळ सोडायचा आणि मगच प्यायचे. शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. पोराच्या घशाची तहान खरी होती, ती त्याला कळत होती. त्याच्या हाताने नळाला काय होणार होते, हे मात्र कुणालाच दाखवता आले नसते.

शहरात न्हावी होते, पण या घराच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नसे. भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. म्हशी भादरणाऱ्या माणसालाही महाराच्या मुलाचे डोके वर्ज्य होते. स्पर्शाचा हा कायदा कुठल्याही कचेरीत लिहिलेला नव्हता. तो पाळला जात होता, कारण मोडला तर गाव शिक्षा करत असे.

मसूर स्टेशनावरचा एक शब्द

१९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा गोरेगावला रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीम, थोरला भाऊ आणि भाचरे त्यांना भेटायला निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे बूट असा थाट होता. मसूर स्टेशनावर गाडी गेली, पण न्यायला कुणीच आले नाही. वडिलांना पत्र मिळालेच नव्हते. तासाभराने स्टेशनमास्तर चौकशीला आला. मुलांचे कपडे पाहून ती चांगल्या घरची असावीत असेच त्याला वाटले असणार. मुलांनी भाबडेपणाने आपण महार आहोत असे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला. तो पाच पावले मागे सरकून निघून गेला.

इथे थांबून पाहा. त्याच्या डोळ्यांनी पाहिले होते ते काही बदलले नव्हते. टोपी तीच, मुले तीच, ऊन तेच. बदलला तो कानावर पडलेला एक शब्द. त्या एका शब्दाने डोळ्यांची साक्ष रद्द केली.

पुढे बैलगाडीवाले दुप्पट भाड्यावरही त्यांना घेऊन जायला तयार नव्हते. शेवटी एक जण तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालेल. रात्री एका टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली. गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे भीमाने आपण मुसलमान असल्याचे अस्खलित उर्दूत सांगून पाहिले. तरी पाणी मिळाले नाही. डबे भरलेले होते, पण पाण्याशिवाय घास उतरेना. मुले उपाशीच झोपली. दहा वर्षांच्याही आतल्या त्या मुलाच्या मनावर हा प्रवास कायमचा कोरला गेला.

फळा, संस्कृत आणि बडोद्याची खोली

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गातली मुले धावली ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला. संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. कानात शिसे ओतणारा जुना नियम विसाव्या शतकात शाळेच्या विषयनिवडीतून पाळला जात होता. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. या काळात कुणी त्यांच्या हातून घेतलेल्या पुस्तकाला पाणी शिंपडले नाही.

१९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहिले. दहा दिवस कुणालाही काही कळले नाही. ते त्याच जिन्याने चढत, त्याच खोलीत झोपत, त्याच दिव्याखाली वाचत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि जागा बाटवली म्हणून त्यांना बाहेर काढले. दहा दिवस ज्या विटाळाने कुणाला साधी शिंकही आली नाही, तो नाव कळताच काठी उचलण्याइतका भयंकर झाला. जगातल्या नामवंत विद्यापीठातून आलेला हा पदवीधर त्या संध्याकाळी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत होता.

बॅरिस्टर आणि पुराव्याचा नियम

१९२३ मध्ये ते बॅरिस्टर म्हणून मुंबईत वकिली करू लागले. हा माणूस ज्या कायद्यात रोज वावरू लागला, त्यात १८७२ चा भारतीय पुरावा कायदा होता. त्याच्या साठाव्या कलमात एक साधी गोष्ट सांगितली आहे. जी घटना दिसण्यासारखी आहे तिची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यायची, जी ऐकण्यासारखी आहे तिची ऐकणाऱ्याने, आणि जी दुसऱ्या एखाद्या इंद्रियाने कळते तिची त्या इंद्रियाने अनुभवणाऱ्याने. लोक असे म्हणतात, परंपरेने असे चालत आले, अमक्याने मला सांगितले, एवढ्यावर न्यायालयात घटना सिद्ध होत नाही. नवा भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही हा नियम कायम आहे.

या नियमापुढे विटाळाला उभे करून पाहा. त्याचा एकही प्रत्यक्ष साक्षीदार मिळणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचा खटला आम्ही या नजरेने वाचतो.

मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्यापर्यंत कुणाचा हात पोहोचत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे शुद्धीकरण झाले. गोमूत्र, शेण, दही, दूध यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात पाण्यात ओतल्या. नाक आणि जीभ शाबूत असलेल्या कुणालाही विचारा, पाणी घाण कधी झाले.

सवर्णांनी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही, आपल्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमले होते. फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर मंडप पडला होता. लोक तुरुंगात जायला तयार असताना बाबासाहेबांनी हुकूम पाळला आणि तळ्यावर जाणे थांबवले. तरुण कार्यकर्त्यांना हे आजही कधी कधी रुचत नाही. आम्हाला मात्र त्यात धोरण दिसते. रूढीला न्यायालयात खेचायचे, तिला पुरावा मागायचा, आणि ती तो देऊ शकत नाही हे साऱ्या देशाला दाखवायचे.

तसेच घडले. खालच्या न्यायालयांत दावा हरल्यावर सवर्ण उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. अनादि काळापासून चालत आलेली म्हणून सांगितली जाणारी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. त्या खटल्याचे नाव आजही कायद्याच्या पुस्तकांत नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर असेच आहे. बाबासाहेब त्यात स्वतः प्रतिवादी होते.

स्वतः साक्षीदार

१९३५–३६ च्या सुमारास त्यांनी आपल्या आणि इतरांच्या अनुभवांच्या काही आठवणी लिहिल्या. त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाल्या. मसूर, बडोदा, चाळीसगाव आणि दौलताबाद यांच्या हकिगती त्यात आहेत. वकिलीत मुरलेल्या माणसाने दिलेली ही जबानी आहे. कुठे, केव्हा, कोण, काय पाहिले, काय ऐकले, एवढेच त्यात आहे. विशेषणे जवळपास नाहीत.

त्यातली एक हकिगत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण तो तिला हात लावेना. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत त्याच वाटेने तो डॉक्टरकडे आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून त्याने न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. बाई वाचली नाही. डॉक्टरचा हात म्हणजे त्याचे ज्ञान. नाडी, ताप, छातीची धडधड सगळे हातानेच कळते. विटाळाच्या नियमाने त्या बाईचा जीव घेताना डॉक्टरची बोटेही मुकी केली.

चाळीसगावची १९२९ ची हकिगत स्वतः बाबासाहेबांवर बेतलेली. सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते अस्पृश्यांच्या तक्रारी ऐकायला फिरत होते. स्टेशनावरून त्यांना वस्तीवर नेण्यासाठी टांगेवाला आपला टांगा द्यायला तयार झाला, पण स्वतः हाकायला नाही. टांगा हाकायला बसलेल्या वस्तीतल्या माणसाला ते काम येत नव्हते. घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ज्यांची तक्रार ऐकायला ते आले होते, तिचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या हाडात उमटला.

संविधानाचे सतरावे कलम

ऑगस्ट १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने मंजूर केले. तेच आजचे कलम १७. त्यात अस्पृश्यतेची व्याख्या नाही. व्याख्या द्यावी अशी मागणी सभेत झाली होती. पुढे १९५८ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या शब्दाचा शब्दशः अर्थ घ्यायचा नाही. साथीच्या रोगात माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे अस्पृश्यता नव्हे. इथे अर्थ आहे तो या देशात जातीने घडवलेल्या अस्पृश्यतेचा. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेऊन दारे उघडली आहेत. त्या यादीत आम्हाला साताऱ्याचा नळ, टोलनाका आणि महाडचे तळे दिसते.

कलम १७ च्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा कायदा आला. त्याच्या बाराव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत बंदी केलेले कृत्य घडले असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. कारण सरळ आहे. पाणी नाकारणारा हात दिसतो, त्यामागचे मन दिसत नाही. म्हणून मनाचा पुरावा देण्याचे ओझे कायद्याने पीडिताच्या डोक्यावरून काढले.

सहावे इंद्रिय

इथवर कायद्याचे काम. मग संविधान लागू होऊन सहा वर्षे झाल्यावर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा का घ्यावी लागली? याचे उत्तर आम्हाला षडायतनात सापडते. तथागतांनी इंद्रिये पाच नव्हे, सहा सांगितली आणि सहावे मन. प्रतीत्यसमुत्पादात षडायतनातून स्पर्श, स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा असा क्रम येतो. हा स्पर्श म्हणजे इंद्रिय, विषय आणि विज्ञान यांची भेट. त्यात शुद्ध-अशुद्ध काही नाही. विटाळ पाचांपैकी एकाही इंद्रियाला सापडत नाही, कारण त्याचे घर सहाव्यात आहे. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटले होते, त्याचा अर्थ इथे पूर्ण उलगडतो.

कायदा हात अडवू शकतो, तोंड बंद करू शकतो, दार उघडायला लावू शकतो. मनापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तिथे धम्म लागतो. आणि नुसता धम्मही पुरत नाही, कारण समोरच्याचे मन बदलेपर्यंत तहानलेल्या पोराने थांबायचे नसते. म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला दोन्ही दिले.

शेवटच्या वर्षांत मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते आणि आयुष्यभर पुस्तकांवर खिळलेली दृष्टी मंदावली होती. तशाही स्थितीत ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथावर काम करत राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

मावळातल्या तरुणांसाठी

तळेगावचे बाबासाहेबांचे निवासस्थान वराळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यांजवळ महारठी विण्हुदत्ताने दिलेल्या दानाचा लेख आहे. पाणी कोरून देणे हे याच डोंगरांत पुण्याचे काम समजले जात होते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी बाबासाहेबांकडून वकिलाची शिस्तही घ्यावी, असे आम्हाला वाटते.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा इंद्रियांची भाषा बोलतो. तोंडात अखाद्य पदार्थ कोंबणे, दारात घाण टाकणे, चपलांचा हार घालणे, पाणी दूषित करणे आणि लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान वा शिवीगाळ करणे हे त्यात गुन्हे आहेत. पण लोकांच्या नजरेसमोर या शब्दांवर खटले अडतात. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या व्याख्येत बसत नाही. म्हणून घटना घडली की त्याच दिवशी लिहून काढा. जागा उघडी होती की बंद? तिथून कोणाला दिसत होते? शब्द नेमके कोणते आणि ते कोणाच्या कानावर पडले? ज्याने पाहिले त्याने पाहिल्याचे सांगावे, ज्याने ऐकले त्याने ऐकल्याचे. गर्दी जमवणाऱ्या दहा जणांपेक्षा प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार खटला तारतो. त्याला शेवटपर्यंत सांभाळा, त्याच्या घरी जा, तारखेला त्याच्यासोबत उभे राहा. या कायद्याखालील सुनावणीचे चित्रीकरण व्हावे अशी तरतूद २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आहे. ती मागून घ्या.

मसूर स्टेशनावर घडलेल्या प्रसंगाला तेव्हा कुणी साक्षीदार उभा राहिला नाही. ती साक्ष त्या मुलाने मोठेपणी स्वतःच लिहिली. आपल्या वस्तीतल्या मुलाला त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबावे लागू नये.

जय भीम, नमो बुद्धाय.